पायाचं जाड, पिवळं नख : आधी तपासणी, आधी कानस की आधी गोळी?

मुठाकाठ (धागाकर्ता)

पायाच्या अंगठ्याचं नख दोन-अडीच मिलिमीटर जाड झालंय, कडेने पिवळट-तपकिरी आहे, खाली भिजल्या चुन्यासारखा भुगा साठलाय आणि साध्या नेलकटरच्या तोंडात ते मावत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं? मेडिकलमध्ये मोबाइलवरचा फोटो दाखवायचा, मिळेल ते मलम दोन महिने वरून चोळायचं, फरक नाही म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या सुरू करायच्या. गोळ्यांचे १२ आठवडे संपतात, नख होतं तसंच दिसतं, आणि ‘काही उपयोग नाही हो’ म्हणून विषय बंद.

मला क्रम हवा आहे. आधी तपासणी, आधी नख घासून पातळ करणं, की आधी गोळी? आणि १२ आठवड्यांनंतरही नख तसंच दिसत असेल तर औषध फुकट गेलं असं धरायचं का? जाणकारांनी आकडे देऊन लिहावं. ‘आमच्या मावशींना अमुक रसाने गुण आला’ हे कृपया वेगळ्या धाग्यावर.

लॅबवाली

आधी तपासणी. जाड, वेडंवाकडं, पिवळं दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. उरलेल्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लॅनस हा त्वचेचा दाहक आजार असतो, जुना मार असतो, वर्षानुवर्षं बुटाच्या टोकाचा दाब असतो. त्यांच्यावर बुरशीची गोळी म्हणजे पंक्चर नसलेल्या टायरला पॅच.

पण तपासणीचा अर्धा जीव नमुन्यात आहे. नखाचं पुढचं टोक कापून डबीत घालून आणतात. त्यात बहुधा धूळ आणि मेलेली बुरशी असते. जिवंत बुरशी सापडते ती नख खालच्या मांसापासून जिथे सुटलंय त्या सीमेवर, म्हणजे न दुखवता जितकं मागे जाता येईल तितकं. नख ७० टक्के स्पिरिटने पुसायचं, सुटलेला भाग मागपर्यंत कापायचा, मग लहान क्युरेटने, म्हणजे चमच्यासारख्या खरवडणीने, खालचा भुगा खरवडायचा. वरचा पहिला भुगा टाकून द्यायचा, आतला घ्यायचा. ठेवायचा कोरड्या कागदाच्या पुडीत. बंद प्लॅस्टिकच्या डबीत ओल धरते आणि जिवाणू माजतात.

मग केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नख विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धागे शोधणं. कातडीला १० टक्के द्रावण पुरतं, नखाला २० ते ४० टक्के लागतं आणि जाड नख विरघळायला काही तास, कधी अख्खी रात्र. अर्ध्या तासात पाहिलं की रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघणं: ते सबुरो अगार या खाद्यावर २५ ते ३० अंशांना चार आठवडे ठेवतात. जात त्यातच कळते, पण ते खोटं निगेटिव्ह येण्याचं प्रमाणही बरंच आहे. तिसरा मार्ग लोकांना माहीतच नसतो: कापलेलं नख पॅथॉलॉजीकडे द्यायचं आणि पीएएस हा बुरशी उठून दिसण्यासाठीचा रंग देऊन बघायचं. सगळ्यांत कमी चुकते ती हीच तपासणी.

नमुना देण्याआधी लावायचं औषध निदान दोन ते चार आठवडे बंद हवं, गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त. हे न सांगता नमुना दिला तर दोष लॅबला देऊ नये.

खवचट खडकीकर

कागदाची पुडी भेळेची चालेल का?

लॅबवाली

चालेल. शेव झटकून.

त्वचेपलीकडे

लॅबवालीताईंशी सहमत. त्यात नुसत्या डोळ्यांनी काय बघता येतं तेवढी भर घालतो.

नखाकडे पाहण्याआधी पाऊल पाहा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत, तळव्याची कातडी पीठ लावल्यासारखी कोरडी आणि रेषांमध्ये पांढरी आहे, तर नखात बुरशी असण्याची शक्यता वाढते. ‘दोन पाय, एक हात’ ही ट्रायकोफायटन रुब्रमची जुनी ओळख आहे: दोन्ही तळवे आणि एकच तळहात कोरडा. नखांच्या बुरशीत हीच जात सगळ्यांत जास्त सापडते. उलट हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे, नखाखाली तेलाच्या थेंबासारखा डाग, कोपरांवर खपल्या असं असेल तर आधी सोरायसिसचा विचार करा. सोरायसिस आणि बुरशी एकाच नखात सुखाने नांदतात हेही लक्षात ठेवा.

सुरुवात कुठून झाली तेही बघा. नेहमीची बुरशी पुढच्या टोकाकडून किंवा कडेने मागे सरकते. नख मुळाकडून पांढरं होत पुढे येत असेल तर प्रतिकारशक्ती कमी असण्याची शंका घेऊन रक्त तपासावं लागतं. हिरवट झाक म्हणजे सहसा स्युडोमोनास, तो जिवाणू आहे, बुरशीचं औषध त्याला लागू नाही. आणि मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी रेघ, रुंद होत चाललेली किंवा काळेपणा मुळाच्या कातडीवर उतरलेला, असं दिसलं तर कानस, मलम, गोळी सगळं बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. नखाखालचा मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, असाच सुरू होतो आणि ‘दगड पडला असेल’ म्हणून महिनोन्महिने राहून जातो. माराचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्यामागे स्वच्छ नख येतं. ती रेघ मुळाशी कायम राहते.

कर्वेनगरी

इतकं सगळं करण्यापेक्षा सरळ टर्बिनाफिन ही बुरशीची गोळी सुरू करून तीन महिन्यांनी बघायला काय हरकत आहे? गोळी काही महाग नाही. तपासणीलाच चार आठवडे जाणार.

लॅबवाली

केओएच दुसऱ्या दिवशी मिळतो, त्यामुळे चार आठवड्यांचा मुद्दा गैरलागू. आणि ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हणजे काय बघणार? तीन महिन्यांत अंगठ्याचं नख पाव-एक भाग वाढतं. बुरशी नसेल तरी नख तसंच दिसणार, असेल तरीही जवळपास तसंच. म्हणजे उत्तर मिळतच नाही.

पाऊलवाट

नख पातळ करणं हा धाग्यातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग, म्हणून सविस्तर लिहितो. निदान काहीही असो, जाड नखाला हे लागतंच. दाब कमी होतो, बूट घालता येतो आणि लावायचं औषध आत पोचण्याची थोडी तरी आशा निर्माण होते.

अवजार: डबल अ‍ॅक्शनचा, म्हणजे दोन सांध्यांचा निपर, १३-१४ सें.मी. लांब, स्प्रिंगचा, सरळ तोंडाचा. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतो. पुण्यात तुळशीबागेत ‘जाड नखांसाठी’ म्हणून मोठे नेलकटर मिळतात, पण त्यांच्या जबड्यात फट तेवढीच असते; जोर लावला की नख कापण्याऐवजी फुटतं आणि उभी चीर मुळापर्यंत जाते. बोहरी आळीतली तारा कापायची पक्कड तर नकोच, तिचं पातं चिमटतं, कापत नाही.

आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्यात १५ मिनिटं पाय ठेवून नख मऊ करा. नीट पुसा. उजेडात बसा, डोळ्यांवर चष्मा हवा, कारण जाड नखाचा तुकडा गोफणीतल्या दगडासारखा उडतो. आता बोथट टोकाची लाकडी काडी नखाखाली हळू सरकवा. जिथवर ती न दुखता जाते तिथवर नख सुटलेलं आहे, तेवढंच तुमच्या कापण्याच्या हद्दीत. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, एका वेळी १-२ मि.मी. निपरची दोन्ही टोकं दिसत राहिली पाहिजेत. खालचं टोक दिसेनासं झालं की ते मांसात गेलंय असं समजा. रेघ सरळ ठेवा. कोपरा गोल करून आत घुसलात तर पुढचं नख तिथेच मांसात वाढणार.

मग जाडी. १०० ग्रिटची कानस-पट्टी (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक) घेऊन वरून, एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की थांबून नखावर बोट दाबा. थोडं लवतंय आणि खाली गुलाबी छटा दिसते, म्हणजे बास. ऊब किंवा चुरचुर जाणवली तर आधीच थांबायला हवं होतं. शेवटी १८० ग्रिटने गुळगुळीत करा म्हणजे मोज्यात अडकणार नाही. एका बैठकीत अडीच मि.मी.चं नख एक मि.मी. करायचा हट्ट धरू नका. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं.

भुगा ओल्या टिश्यूवर पडू द्या, फुंकू किंवा झटकू नका, तोंडाला मास्क लावा. त्या भुग्यात बुरशी असते. वीजेवर फिरणारं ड्रिल हाताशी असलं तरी सवय नसताना वापरू नका. नख क्षणात तापतं आणि धूळ घरभर होते.

आजोबांची काठी

न्हाव्याची नराणी चालते का? पूर्वी सगळ्यांची नखं तीच काढायची.

पाऊलवाट

नराणी निष्णात हातात छान चालते, पण ती एकाची दुसऱ्याला लागते तिथे अडचण आहे. घरातही निपर आणि कानस प्रत्येकाची वेगळी हवी. धातूचं अवजार साबणाच्या पाण्याने घासून १० मिनिटं उकळा. कागदी पट्टी उकळता येत नाही, ती रोगट नखावर वापरली की टाकून द्यायची. त्याच पट्टीने पुढे चांगली नखं घासली तर पेरणी केल्यासारखंच.

खवचट खडकीकर

कुकरमध्ये लावलं तर? तीन शिट्ट्या?

पाऊलवाट

साहेब, ऑटोक्लेव्हचा दाब चौरस इंचाला १५ पौंड आणि कुकरचाही जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फक्त तो कुकर परत वरण-भाताला लावणार असाल तर घरचे काय म्हणतील ते बघा.

सदाशिव साडेपाच

पाऊलवाट यांचं वर्णन उत्तम, पण हे वाचून उद्या पन्नास मधुमेही निपर विकत घेतील. तिथे लाल रेघ ओढा.

त्वचेपलीकडे

बरोबर मुद्दा. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असू शकते आणि ती गेल्याचं माणसाला कळत नाही. १० ग्रॅम जोराला वाकणाऱ्या नायलॉन तंतूने तळव्याला ठिकठिकाणी टोचून बघतात. तंतू वाकेपर्यंत दाबूनही कळलं नाही तर त्या पायावर घरी निपर-कानस नको. घोट्यामागची आणि पावलावरची नाडी लागत नसेल, पोटऱ्या चालताना भरून येत असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तरीही नको. हे पाय मधुमेहाच्या पायांच्या दवाखान्यात किंवा त्वचारोग विभागात दाखवा. ससूनमध्येही त्वचारोगाची ओपीडी आहे. पाय तासन्तास भिजवणंही यांनी टाळावं, पाण्याचा ताप पायाने न बघता कोपराने बघावा. अशा माणसाच्या जाड नखाखाली जखम होऊन ती आठवडाभर न कळणं, ही खरी भीती आहे. बुरशी त्यामानाने सभ्य.

केमिस्ट कट्टा

कानस आवडत नसेल त्यांच्यासाठी ४० टक्के युरिया. भेगांसाठी मिळतं ते १० किंवा २० टक्क्यांचं. ते नखाला पुरत नाही, त्यामुळे चिठ्ठीवर टक्केवारी लिहून घ्या. सगळीकडे नसतं, मागवावं लागतं.

नखाभोवतीच्या कातडीला आधी व्हॅसलीन किंवा चिकटपट्टीचं कुंपण घाला. फक्त नखावर जाडसर थर द्या, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म, वर चिकटपट्टी, वर मोजा. पट्टी कोरडी ठेवायची, रोज किंवा एक दिवसाआड बदलायची. आठवड्याभरात रोगट नख पनीरसारखं होतं आणि बोथट पात्याने खरवडून निघतं. गंमत म्हणजे युरिया रोगट, सुटलेलं नखच मऊ करतं, निरोगी नख फारसं हलत नाही. कातडी पांढरी पडून चुरचुरली तर कुंपण गळतंय. ज्यांना निपर मना आहे त्यांना ही पट्टीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मना.

आता लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं औषध. अमोरोल्फिन ५ टक्के: आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, पायाच्या नखांना ९ ते १२ महिने. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के: रोज रात्री, आधीच्या थरावरच, आणि सात दिवसांनी सगळे थर स्पिरिटने पुसून पुन्हा पहिल्यापासून. इथे हमखास चुकतं ते असं: लोक अमोरोल्फिन रोज लावतात आणि सायक्लोपिरॉक्स आठवड्याने. दुसरी चूक म्हणजे न घासलेल्या नखावर थरांवर थर चढवणं. नख दिसायला चमकतं, आत काही जात नाही. लावल्यावर पाचेक मिनिटं वाळू द्या, बाटलीचं तोंड स्पिरिटने पुसून मगच झाकण लावा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड लागेल. वर रंगीत नेलपॉलिश नको.

ओलेती

क्लोट्रिमॅझोलचं मलम का नाही चालत? चिखल्यांना तर छान चालतं.

केमिस्ट कट्टा

ताई, चिखल्या कातडीत, बुरशी नखाखाली. मध्ये केराटिनची, म्हणजे कठीण नखाची, फरशी. मलम फरशीवरच राहतं. पण बेचक्यांत ते जरूर लावा, नाहीतर नख बरं होईल आणि चिखल्यांतून बुरशी परत वर चढेल.

त्वचेपलीकडे

नुसत्या लॅकरवर कोणी थांबावं? नखाचा निम्म्याहून कमी भाग धरलेला, मुळाकडचा चंद्रकोरीचा भाग स्वच्छ, आणि तीन-चारपेक्षा जास्त नखं नाहीत, अशांनी. त्यापुढे गोळी लागते.

टर्बिनाफिन २५० मि.ग्रॅ. रोज एक: पायाच्या नखांना १२ आठवडे, हाताच्या नखांना ६. जेवणाशी संबंध नाही. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करावी. यकृताचा चालू किंवा जुना आजार असेल तर ही गोळी नको. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं असेल तरीही नको. काहींची चव जाते, ती बहुधा परत येते. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेली, मळमळ राहिली तर गोळी त्याच दिवशी बंद करून रक्त तपासा. नैराश्याच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची मेटोप्रोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण ती वाढवते, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.

इट्राकोनॅझोल: २०० मि.ग्रॅ. रोज १२ आठवडे, किंवा ‘पल्स’ म्हणजे २०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा महिन्यातला एकच आठवडा, असे तीन महिने. हृदय निकामी होण्याचा त्रास आहे किंवा होऊन गेलाय त्यांना ही नखासाठी अजिबात नको. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनबरोबर नको. अटोर्वास्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना ठळक सांगा.

डर्माटोफाइट, म्हणजे रुब्रमसारखी कातडी-नखावर जगणारी बुरशी असेल तर टर्बिनाफिन पहिलं. कँडिडा ही यीस्ट प्रकारची बुरशी निघाली तर इट्राकोनॅझोलकडे झुकतो. म्हणून पुन्हा लॅबवालीताईंचा मुद्दा, जात माहीत असलेली बरी. गरोदरपणात नखासाठी कुठलीच गोळी नको, नखाच्या इलाजाला घाई नसते.

केमिस्ट कट्टा

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलबद्दल एक पुरवणी. तिला आम्ल लागतं. भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटात ती नीट शोषलीच जात नाही, आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’. अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं असं माझं मत. कॅप्सूलमध्ये साबुदाण्याहून बारीक दाणे असतात, त्यांच्यावर औषधाचा लेप असतो; कॅप्सूल उघडून पाण्यात ढवळून घेऊ नका.

कर्वेनगरी

पण हल्ली टर्बिनाफिन लागूच पडत नाही म्हणतात ना? मग सरळ इट्राकोनॅझोल का नको?

लॅबवाली

ती गोष्ट नायट्याची. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची जात, हे नाव २०२० मध्ये दिलं गेलं, भारतात मांड्या-कमरेच्या नायट्यात मोठ्या प्रमाणावर आढळते आणि तिच्यातल्या अनेक नमुन्यांना टर्बिनाफिन दाद देत नाही. ज्या एन्झाइमवर गोळी काम करते त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. नखात अजून रुब्रम आणि इंटरडिजिटाली याच जाती मुख्य. मात्र अंगावर जुना, पसरलेला नायटा आणि शिवाय नख असेल तर कल्चर नक्की करून घ्या.

त्वचेपलीकडे

आणि त्या नायट्यावर मेडिकलमधून मिळणारं ‘तीन-इन-वन’ मलम चोळू नका. त्यात क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आरामात पसरते. तोच हात मग पायाच्या नखाला लागतो.

गावरान

धागाकर्त्याची क्षमा मागून घरगुती उपायांबद्दल विचारतो. बिब्बा, मोरचूद, हळद, व्हिनेगर, व्हिक्स. एका फटक्यात निकाल द्या.

पाऊलवाट

बिब्बा: नाही, नाही आणि नाही. नखाभोवतीची कातडी फोडांनी भरते, पाऊल सुजतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बुरशी मारतं हे खरं, जनावरांचे खूरही त्यात बुडवतात. माणसाच्या भेगाळलेल्या कातडीला ते जाळतं. हळद: नख पिवळं आहे म्हणून आलेल्या माणसाचं नख आणखी पिवळं होतं आणि पुढे काही कळेनासं होतं. मेंदीचंही तेच, तपासणीच्या आधी दोन्ही नको. व्हिनेगर पाण्यात निम्मं करून वापरलं तर नुकसान फारसं नाही, उपयोगही तितकाच. हिरव्या नखाला मात्र त्याचा थोडा हातभार लागतो.

लॅबवाली

व्हिक्सवर एक छोटा अभ्यास आहे, १८ जण, ४८ आठवडे, त्यातले ५ जण पूर्ण बरे. तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण गोळी घेता येत नाही अशांनी रोज लावली तर बिघडत नाही.

गावरान

म्हणजे घरात निदान एक औषध निघालं. वाचनखूण साठवली.

चपलाबूट

सगळे नखाच्या मागे लागलेत, बूट कोणी विचारेना. बुटात बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने टिकतात. बरं झालेलं नख जुन्या बुटात घालणं म्हणजे धुतलेले कपडे मळक्या पिशवीत भरणं.

एकच जोडी रोज नको. दोन जोड्या आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकीला वाळायला २४ तास मिळतात. आतला तळ काढून वेगळा वाळवायचा, बुरशीनाशक पावडर बुटाच्या टोकापर्यंत पोचवायची. सगळे टाचेकडे टाकतात. भिडे पूल पाण्याखाली जायच्या दिवसांत कातडी बूट घालू नका, ते आठवडाभर आतून ओले राहतात. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून दर काही तासांनी बदला. मोजे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे. मशीनच्या ३०-४० अंशांत बुरशी मरत नाही, उलट बाकीच्या कपड्यांना भेटून येते. ज्या मशीनला ६० नाही त्यांनी मोजे बादलीत उकळत्या पाण्यात भिजत घालून मग धुवावेत.

आणि बाथरूमची ती एकच सामायिक सपाता! घरातली सगळी बोटं तिथेच एकमेकांना भेटतात. पोहण्याच्या तलावावर, जिमच्या न्हाणीघरात स्वतःची चप्पल न्या.

ओलेती

जोडवी राहिली. जोडव्याखाली पाणी साठतं, साबण साठतो, बेचकी सतत ओली. आंघोळीनंतर जोडवी वर सरकवून खालची कातडी पुसायची. चिखल्या असतील तर बऱ्या होईपर्यंत काढून ठेवायची, मग कोण काय म्हणेल ते म्हणो.

चपलाबूट

+१. आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्यांचे पाय चेपायची सेवा देणाऱ्यांनी एकच टॉवेल शंभर पायांना वापरू नये. पाय धुणं पुण्याचं, बेचक्या कोरड्या करणं त्याहून जास्त.

कर्वेनगरी

लेझर?

त्वचेपलीकडे

अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने बऱ्याच यंत्रांना मान्यता दिलीय ती ‘स्वच्छ नखात तात्पुरती वाढ’ एवढ्याच शब्दांत. त्यातला ‘तात्पुरती’ हा शब्द जाहिरातीत लहान छापतात. गोळी चालत नसेल, पैसे असतील, तर करा.

आजोबांची काठी

ऐंशीच्या पुढच्या माणसाचं नख शिंगासारखं वळलंय, मेंढ्याच्या शिंगासारखं. त्याला यातलं काय लागू?

पाऊलवाट

काका, त्याला गोळी नाही. ते शिंग आधी निपरने, मग कानशीने, दर दीड-दोन महिन्यांनी कमी करत राहायचं. पहिल्या वेळी माहितगाराकडूनच करून घ्या, कारण वळणाखाली बऱ्याचदा जखम दडलेली असते. फारच त्रास असेल तर शल्यचिकित्सक नख काढून त्याचं मूळ फिनॉलने जाळतात, म्हणजे ते पुन्हा येत नाही. पण पायाचा रक्तपुरवठा चांगला असेल तरच.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. पण माझा दुसरा प्रश्न शिंगं, शिट्ट्या आणि शेवेत हरवला. १२ आठवडे संपले, नख तसंच. फुकट गेलं का?

त्वचेपलीकडे

नाही, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. गोळी रोगट नख दुरुस्त करत नाही. मुळातून येणारं नवं नख बुरशीविना येतं, जुनं पुढे ढकललं जाऊन कापलं जातं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. १२ आठवड्यांत चार-साडेचार. अंगठ्याचं नख १८ मि.मी. लांब धरलं तर पूर्ण बदलायला १२ महिने, वयस्कर माणसाला १८ लागतील. टर्बिनाफिन थांबवल्यावरही काही महिने नखात राहतं, म्हणून १२ आठवड्यांवर थांबता येतं.

पाऊलवाट

आणि ते मोजायची सोपी युक्ती. औषध सुरू करायच्या दिवशी, स्वच्छ नख जिथे संपतं आणि रोगट सुरू होतं त्या सीमेवर कानशीच्या कडेने हलकी आडवी खाच पाडा. केसाएवढी, आरपार नाही. बाजूला पट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला तसाच फोटो, त्याच उजेडात. खाच पुढे सरकतेय आणि तिच्या मागे गुलाबी नख आहे, तर औषध काम करतंय, मग पुढचा भाग कितीही भयाण दिसो. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे घुसला तर हरलो. खाच सरकतच नसेल तर नखाची वाढच थांबलीय, तेव्हा रक्तपुरवठा बघा.

पिवळी-पांढरी उभी पट्टी एकाच जागी घट्ट बसली असेल तर तो बुरशीचा गोळा असतो, त्यात औषध शिरत नाही. तो भाग वरून कापूनच काढावा लागतो.

त्वचेपलीकडे

एक कटू गोष्ट. टर्बिनाफिन पूर्ण घेतलेल्यांपैकी साधारण ७० टक्क्यांत तपासणीत बुरशी जाते, पण नख अगदी पहिल्यासारखं दिसणारे ४० टक्क्यांच्या आतबाहेर. मूळ जुन्या माराने बिघडलेलं असेल तर बुरशी गेली तरी नख जाडच वाढणार. आणि परत येण्याचं प्रमाणही कमी नाही, म्हणून बरं झाल्यावर बेचक्यांना मलम आणि नखाला आठवड्यातून एकदा लॅकर चालू ठेवलेलं बरं.

मुठाकाठ

म्हणजे क्रम: काळी रेघ आणि मधुमेह आधी बघा, नमुना द्या, पातळ करा, मग गरजेनुसार लॅकर किंवा गोळी, खाच पाडा, बूट वाळवा. फोटोसाठी शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी चालेल ना?

लॅबवाली

चालेल, पण टोकापासून मोजू नका. त्या पट्टीवर शून्याआधी चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा असते. तीन महिन्यांची वाढ तिथेच जाते.

खवचट खडकीकर

आणि पट्टी परत दप्तरात ठेवण्याआधी उकळू नका, नाहीतर वितळेल. हलके घ्या.